जेट्टीवर पहाटे शिसं अडकतं, गळ कोरा येतो : चार खेपा वाया गेल्यावर सापडलेलं कारण

आधी अडचण सांगतो, कारण हीच अडचण आपल्याकडच्या आणखी तिघा-चौघांनी मला फोनवर जशीच्या तशी सांगितली आहे.

आम्ही चौघं धुळ्याचे. मी, माझा शालक, त्याचा एक मित्र आणि आमच्या गल्लीतले एक रिटायर्ड काका. गळाचा नाद चौघांनाही लहानपणापासून, पण तो सगळा गोड्या पाण्यावरचा. सारंगखेड्याला बॅरेजमुळे तुंबलेली तापी, मुडावदला पांझरा तापीत उतरते तो संगम, आणि लांब जायचा कंटाळा आला की अक्कलपाड्याचा काठ. तिथे आमचं बरं चालतं. कणकेचा गोळा नाहीतर गांडूळ, पहाटे तांबडं फुटायच्या आत काठावर, ऊन चढेपर्यंत पिशवीत काहीतरी असतंच.

दोन वर्षांपूर्वी समुद्राची हौस आली. रात्री ९ ला धुळ्यातून निघायचं, आग्रा रोडने नाशिक, कसारा घाट उतरून पनवेल, पेण, आणि पहाटे ५ च्या सुमारास अलिबागच्या अंगाला एका जुन्या जेट्टीवर. चारशे किलोमीटरच्या आसपास गाडी हाकायची, डबीत कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. अशा चार खेपा झाल्या. चारही वेळा हेच घडलं :

पहिल्या दोन तासांत प्रत्येकाची तीन-चार शिसं, म्हणजे गळ बुडवायची वजनं, गळासकट दगडात अडकून तुटली. अडकलं नाही तेव्हा गळ कोरा वर आला. खालून कोणी ओढल्याचं कळलंही नाही आणि कोळंबी गायब. मासा म्हणाल तर चार खेपांत मिळून तळहाताएवढे दोन. आणि तिसऱ्या खेपेपासून तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, असा पिळायला लागला, की फेकताना रिळातून गुंताच बाहेर यायचा.

आम्ही केलेले उपाय आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. जाड तंगूस घेतला. महागडी काठी घेतली. जड शिसं लावलं, तर ते आणखी घट्ट अडकलं. कोणीतरी म्हणालं जागा खराब आहे, म्हणून त्याच जेट्टीच्या दुसऱ्या टोकाला बसलो. काकांनी तर गळाला हळद-कुंकू लावून पाहिलं. हजारएक रुपयांचं सामान समुद्राच्या तळाशी गेलं आणि चौथ्या खेपेला परत येताना गाडीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

कारण फोटोत होतं

घरी आल्यावर मोबाईलमधले फोटो बघत होतो. चारही खेपांचे. प्रत्येक वेळी शालक जेट्टीच्या त्याच खांबाला टेकून, हातात काठी घेऊन उभा, मागे नुकतं उजाडलेलं. खांबाच्या वरच्या हातभर भागाचा रंग कोरड्या सिमेंटचा. त्याखाली सगळा खांब काळा, ओला, त्यावर कालवांच्या शिंपल्यांचा थर, धारदार, खडबडीत. हा काळा पट्टा शालकाच्या पायापासून खाली आणखी पुरुषभर दिसतो आणि पार बुडाला, ओतलेल्या दगडांमधे, थोडंसं पाणी चमकतं.

एकच फोटो वेगळा होता. दुसऱ्या खेपेला आम्ही वैतागून दुपारी बाराला निघालो तेव्हा काढलेला. त्यात तोच खांब, पण काळा पट्टा नाहीच. पाणी थेट कोरड्या सिमेंटपाशी.

म्हणजे आम्ही जिथे गळ टाकत होतो तिथे पाणी नव्हतंच. गुडघाभर पाण्यात बुडालेल्या दगडांवर शिसं आपटत होतो. शालकाला फोटो दाखवला तर तो एवढंच म्हणाला, "तठे पानीच नही भो!"

मग तारखा काढल्या. पहिली खेप पौर्णिमेची. दुसरी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीची. तिसरी, चौथी पुन्हा पौर्णिमा. हा योगायोग नव्हता, आम्ही मुद्दाम तसं जात होतो. लहानपणापासून ऐकलेलं, पुनवेला समुद्राला उधाण येतं. उधाण म्हणजे पाणी जास्त, पाणी जास्त म्हणजे मासा काठाला, असा आमचा सरळ हिशोब. शिवाय गाडी चालवायला चांदणं.

उधाण येतं हे खरं. पण ते पहाटे ६ ला येत नाही. त्या किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती येते दुपारी आणि रात्री १२ च्या आसपास. म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी ६ ला आणि संध्याकाळी ६ ला. आणि उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं जास्त चढतं तितकंच जास्त उतरतंही. महिन्यातली सगळ्यात खोल ओहोटी ज्या दिवशी असते, नेमक्या त्याच दिवशी, नेमक्या त्याच तासाला आम्ही चारशे किलोमीटर तुडवत तिथे हजर होत होतो. चार वेळा. एखाद्याने ठरवून केलं असतं तरी इतकं अचूक जमलं नसतं.

तापीवर आपल्याला घड्याळ सूर्याचं. बॅरेजचं पाणी सकाळ-संध्याकाळ तेवढंच असतं, त्यामुळे उजाडायच्या वेळी काठावर असलं की झालं. समुद्राचं घड्याळ चंद्राचं. ही एक गोष्ट डोक्यात शिरेपर्यंत बाकी कुठलीही दुरुस्ती करण्यात अर्थ नाही.

तिथीची पाऊणपट

पाचव्या खेपेच्या आधी मी एकटाच कामानिमित्त पनवेलला गेलो होतो, तेव्हा वेळ काढून जेट्टीवर चक्कर मारली. जाळं शिवत बसलेले एक कोळी आजोबा भेटले. त्यांना आमची कहाणी सांगितली. जाळ्यावरची नजर न काढता म्हणाले, "सुकतीला मासा गावतो काय?" सुकती म्हणजे ओहोटी. मग त्यांनी जो हिशोब सांगितला तो कोकणात शाळकरी पोराला येतो, आणि आपल्याकडे एकालाही माहीत नाही.

तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. दिवसाची भरती आणि रात्रीची भरती दोन्ही जवळपास त्याच आकड्यावर.

चतुर्थी : चाराची पाऊणपट ३. भरती ३ वाजता, ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे सव्वानऊच्या सुमारास.
अष्टमी : ६ वाजता भरती.
दशमी : साडेसात.
द्वादशी : ९.

कागदपेन्सिल लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. यात अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतं. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो आणि आपण हिशोबात ४५ च धरतो, त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटी शेवटी हिशोब मागे पडतो. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा येते, पाणी मात्र बाराच्या आसपास पूर्ण चढतं. एकादशीच्या पुढे अर्धा तास वाढवून धरायचा. तिथी दिवसाच्या मधेच बदलते, तोही घोळ आहे. म्हणून जायचं नक्की झालं की त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक मोबाईलवर बघूनच घ्या. पण घरी बसून कुठला शनिवार-रविवार धरायचा हे ठरवायला पाऊणपट पुरेशी आहे.

तीही विसरलात तर वर बघा. त्या किनाऱ्यावर चंद्र डोक्यावर आला की भरतीची वेळ, क्षितिजाला टेकला की ओहोटीची. आमच्या फोटोंत पौर्णिमेचा चंद्र प्रत्येक वेळी समुद्रात बुडताना दिसतो. आम्ही त्याचे फोटो काढत होतो, शालकाने एक स्टेटसलाही ठेवला होता. काय सांगतोय तो, हे कोणी विचारलं नाही.

अलिबागला गेलेल्याला आणखी सोपी खूण आहे. कुलाबा किल्ल्याकडे माणसं चालत जाताना किंवा घोडागाडी जाताना दिसली की समजायचं पाणी उतरलंय. तेव्हा गळ काढायचा नाही, आपणही किल्ला बघून यायचं.

एक इशारा सुरतवाल्यांसाठी, कारण खानदेशात सुरतेला नातेवाईक नाही असं घर सापडायचं नाही. आपली तापी डुमसला समुद्राला मिळते, म्हणून तिथे गळ टाकायला जाणारे बरेच आहेत. तिथे ही पाऊणपट चालवू नका. खंभातच्या आखातात भरती मुंबईपेक्षा उशिरा पोचते आणि चढ-उतार कितीतरी मोठा असतो. तिथल्या गाळात, तिथल्या पाण्याच्या ओढीत अंदाजाने उतरायचं नसतं. स्थानिक कोष्टक बघा, आणि उथळ दिसतंय म्हणून पुढे पुढे जाऊ नका.

मग पहाटेला कुठली तिथी?

माझा पहिला विचार अष्टमीचा होता. ६ ला भरती, ६ ला उजाडतं, झालं काम. तसे एकदा गेलोही. शिसं अडकणं जवळजवळ थांबलं, पण मासा फारसा लागला नाही. आजोबांना पुन्हा विचारलं तर म्हणाले, तो भांग. उधाणाच्या उलट ते भांग. सप्तमी-अष्टमी-नवमीला पाणी कमी चढतं, कमी उतरतं, आणि त्याला ओढ नसते. पूर्ण भरतीच्या टोकाला तर ते काही वेळ उभंच राहतं. मासा पाण्याच्या ओढीबरोबर खायला निघतो. ओढ आली की तळाची किडं-कोळंबी हलते, तिच्यामागे बारीक मासा, त्याच्यामागे मोठा.

ही ओढ सगळ्या सहा तासांत सारखी नसते. ओहोटी संपल्यापासून भरती पूर्ण होईपर्यंत जेवढं पाणी चढतं त्याचे बारा वाटे करा. पहिल्या तासात एक वाटा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. हा ढोबळ हिशोब आहे, पण गळाच्या कामाला चांगला. निम्मं पाणी मधल्या दोन तासांत चढतं. तेच दोन तास आपल्याला उजाडताना हवेत.

आता उलटा हिशोब करा. उजाडण्याची वेळ धरली साडेपाच ते साडेसात. हे मधले दोन तास व्हायचे असतील तर ओहोटी साडेतीनला संपायला हवी आणि भरती साडेनऊच्या आसपास पूर्ण व्हायला हवी. म्हणजे द्वादशी. एकादशीला सगळं थोडं आधी, त्रयोदशीला थोडं नंतर. भांग सरलेला असतो, उधाण जवळ आलेलं असतं, पाण्याला दम असतो.

एकादशीची घरात अडचण आहे हे वेगळं सांगायला नको. आमच्या काकांकडे माळ आहे. ते मासा खात नाहीत, फक्त धरतात, आणि एकादशीला तेही नाही. म्हणून आमचा ठराव द्वादशीचा झाला. एकादशीचा उपास करून रात्री निघायचं, बारशीला पहाटे गळ टाकायचा. काकांची सून म्हणते तुमच्या समुद्राला पंचांग बरं कळतं.

शिसं तरीही अडकतं, त्याचं काय

तिथी सुधारल्यावर आमचं सामान तुटणं निम्म्याहून कमी झालं, पण थांबलं नाही. जेट्टीच्या बुडाला दगड आहेत आणि ते राहणारच. यात आमच्या चुका दोन होत्या.

एक, गोल शिसं. बॅरेजच्या उभ्या पाण्यात गोल शिसं जिथे पडतं तिथे राहतं. समुद्रात ओढीबरोबर ते घरंगळतं आणि नेमकं दोन दगडांच्या फटीत जाऊन बसतं. रेती असेल तिथे कडा असलेलं, पिरॅमिडसारखं शिसं रुतून राहतं. दगड असतील तिथे शिसं जाणारच असं गृहीत धरूनच बांधणी करायची.

ती बांधणी अशी. मुख्य तंगूस ४० पौंडांचा, म्हणजे तेवढा ताण सोसणारा, असेल तर शिसं त्याला थेट बांधायचं नाही. स्विव्हलच्या (फिरत्या कडीच्या) एका बाजूला गळाचा तुकडा, आणि शिसं वेगळ्या वीतभर पातळ तंगूसाने, ८-१० पौंडांच्या, लोंबतं सोडायचं. अडकलं की तो पातळ तुकडा आधी तुटतो. शिसं जातं, गळ, स्विव्हल आणि गळाला लागलेला मासा परत येतो. आधी आमचं सगळं एकाच दोरावर होतं, त्यामुळे शिसं अडकलं की वरचं सगळं गेलं.

आणि शिसंच कशाला? गॅरेजवाल्याकडून बाद झालेले स्पार्क प्लग आणि जुने नट आणले. पिशवीभर जवळजवळ फुकट. धुळ्यात गॅरेजला तोटा नाही. एक गेला तरी जीव हळहळत नाही, आणि समुद्रात शिसं कमी पडतं हेही बरंच.

अडकल्यावर काठी वर उचलून हिसके देऊ नका. आमच्या शालकाने महागड्या काठीचं टोक असंच मोडलं. काठी तंगूसाच्या सरळ रेषेत धरायची, तंगूस एखाद्या लाकडाच्या तुकड्याला चार वेढे घालून गुंडाळायचा आणि मागे चालत जायचं. हाताला गुंडाळायचा नाही. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, वापरत असाल तर मुळीच नाही, तो चाकूसारखा कापतो. मागे काय आहे तेही बघून चाला, जेट्टीला कठडा असतोच असं नाही.

कोरा गळ

याचं कारण मला वाटलं होतं त्यापेक्षा साधं निघालं. आम्ही कोळंबी धुळ्याहून नेत होतो. बाजारातली बर्फातली कोळंबी, रात्रभर गाडीत, पहाटेपर्यंत तिचा लगदा. समुद्राकाठी धुळ्याहून कोळंबी घेऊन जाणारे आम्हीच पहिले असू. जोरात फेकली की ती हवेतच गळावरून सुटायची. हे मला कळलं कारण एकदा समोरच्या पाण्यात दोन ठिकाणी टपकन आवाज आला, एक शिशाचा आणि एक कोळंबीचा. तोपर्यंत आम्ही मासे फार हुशार आहेत म्हणत होतो.

आता कोळंबी तिथेच, पहाटे होडीवाल्यांकडून घेतो. आदल्या दिवशीची असेल तर मीठ लावून ठेवली की घट्ट होते. शेपटीकडून गळ आत घालून अंगाच्या वळणाने फिरवायचा, टोक बाहेर उघडं ठेवायचं, आणि शिवणाच्या दोऱ्याचे सात-आठ वेढे द्यायचे. गाठ नको, नुसते वेढे पुरतात. माकूल (स्क्विड) मिळालं तर त्याची बोटभर पट्टी सगळ्यात उत्तम, चिवट असते.

तरीही दोन-तीन मिनिटांत गळ कोरा येत असेल, आणि काठीच्या टोकाला नुसती बारीक थरथर असेल, तर खाली खेकडे आणि बारीक मासळी आहे. आमिष तळापासून हात-दीड हात वर लोंबेल अशी गळाची फांदी बांधा. खेकड्याचा त्रास लगेच कमी होतो.

गळाचा आकार हा आमच्या डोक्यातला आणखी एक गोंधळ. आपण कणकेच्या गोळीला ८ नाहीतर १० नंबरचा गळ वापरतो. नंबर मोठा तो गळ लहान, हे तापीवर ठीक. पण १ च्या पुढे हिशोब उलटतो : १/०, २/०, ३/० असे गळ मोठे होत जातात. दुकानात "दोन नंबर" म्हणून मागितलं की कुठला दोन ते स्पष्ट सांगा. कोळंबीला जेट्टीवर आम्ही १/० किंवा २/० लावतो. तो बारीक मासळीच्या तोंडात मावत नाही, म्हणून ती नुसती टोचून जाते, पण त्यावर ढोमा, तांब, शिंगाळा नीट लागतो.

पिळलेला तंगूस

हा दोष तिसऱ्या खेपेपासून सुरू झाला, आणि त्यावर मी दोनदा नवा तंगूस भरून पैसे घालवले. दोष तंगूसात नव्हता. रिळाच्या तारेच्या कमानीला, जिथून तंगूस वळतो, तिथे एक बारीकशी फिरकी असते. ती फिरली तर तंगूस सरळ गुंडाळला जातो. ती अडली तर तंगूस तिच्यावरून घासत जातो आणि प्रत्येक फेऱ्याला पीळ खातो. माझ्या रिळाची फिरकी नखाने ढकलली तरी हलेना. स्क्रू काढून बघितलं तर आत मिठाचा पांढरा खडा.

तापीवरून आल्यावर आपण रीळ पिशवीतून काढतही नाही. पुढच्या रविवारी थेट काठावरच उघडते पिशवी. ती सवय समुद्राहून आल्यावर चालत नाही. आता घरी पोचलो की, झोप कितीही आली तरी, आधी रीळ. ड्रॅगचा, म्हणजे तंगूस किती ताणाला सुटेल ते ठरवणारा, खटका घट्ट आवळायचा म्हणजे आत पाणी शिरत नाही. मग नळाच्या हलक्या धारेखाली धरायचं. पाइपची जोरदार धार मारायची नाही, ती मीठ आणखी आत ढकलते. बादलीत बुडवून ठेवायचंही नाही. पुसून, सावलीत वाळवून, फिरकीवर आणि मुठीच्या सांध्यावर एक-एक थेंब तेल, आणि ड्रॅग सैल करून ठेवायचा.

आधीच पिळलेला तंगूस टाकून देऊ नका. शिसं-गळ सगळं काढून नुसता तंगूस मोकळ्या मैदानात शंभरेक पावलं ओढत न्यायचा आणि बोटात कापड धरून ताण देत परत गुंडाळायचा. बराचसा पीळ निघतो. मी हे गल्लीत केलं तेव्हा पोरांना वाटलं काका पतंगाचा मांजा सुतताय.

जाण्याआधी

सगळ्याच जेट्टींवर गळ टाकू देत नाहीत. प्रवासी बोटी लागतात तिथे तर नाहीच. आधी विचारा, आणि होड्यांच्या दोरांवरून गळ फेकू नका, त्यांचं पोट त्यावर आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, ती उगाच नाही. त्या दिवसांत आपणही जेट्टीवर जाऊ नये. पायऱ्यांवरचं शेवाळ ओहोटीला उघडं पडतं आणि अंधारात ते ओल्या सिमेंटसारखंच दिसतं. काका एकदा तिथे बसते झाले, दैवाने खाली नाही गेले. डोक्याला लावायची बॅटरी घ्या, आणि रात्रभर गाडी चालवलेल्या माणसाला आधी तासभर झोपू द्या.

शिंगाळा लागला तर हाताने धरायची घाई नको. आपल्या तापीतल्या शिंगाड्यासारखाच, पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन काटे, पण समुद्रातल्याचा काटा जास्त छळतो, त्यात विष असतं. माझ्या अंगठ्याला लागला तेव्हा कोपरापर्यंत ठणका होता. सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्यावर उतरला. तेव्हापासून थर्मासमध्ये चहा आणि दुसऱ्या थर्मासमध्ये नुसतं गरम पाणी असतं. काटा आत मोडला, सूज वाढली तर डॉक्टरच. गळ काढायला पक्कड वापरा आणि काट्यांवर जाड फडकं टाकून धरा.

द्वादशीच्या दोन खेपा झाल्या आहेत. पहिल्या खेपेला ५ ला पोचलो तेव्हा खांबाचा काळा पट्टा कमरेएवढा उघडा होता, ७ पर्यंत तो बराच झाकला गेला. त्या दोन तासांत तीन ढोमे, दोन शिंगाळे आणि काकांना एक तांब. स्पार्क प्लग गेले पाच, गळ गेला एक. दुसऱ्या खेपेला वारा फार होता, दोनच मासे आले, पण कोरा गळ एकदाही नाही. काकांनी त्यांचा तांब शालकाला दिला आणि घरी निरोप पाठवला, की आज काही मिळालं नाही.